अकरा महिन्यांची अमेरिका

अभय वाघमारे सॉफ्टवेअर कंपनीत होता ही गोष्ट खरी, पण घर शोधताना नेमकी तीच त्याच्या मुळावर आली. कंपनी सॉफ्टवेअरची असली, तरी अभयकडे तिच्या बसगाड्या होत्या. कुठली बस वारज्याला जाणार, कुठली कोथरूडला, हे तो ठरवायचा आणि पगारही त्याला बसगाड्यांच्याच मानानं मिळायचा. घरमालकांना मात्र 'सॉफ्टवेअर' एवढंच ऐकू यायचं आणि भाडं बसल्या जागी दीडपट व्हायचं. बसगाड्यांचं सांगितलं, की "मग परवडेल का तुम्हाला?" असं तेच मालक काळजीनं विचारायचे. जिथे दोन्हीचा मेळ बसला, तिथे आडनाव ऐकल्यावर जागा अचानक मालकाच्या मेहुण्याला द्यायची ठरलेली निघायची. असे नऊ मेहुणे झाल्यावर अभय टेकीला आला. लग्नाला चार महिने झाले होते, तो आणि कल्याणी एका मित्राच्या खोलीत पडद्याअलीकडे राहत होते आणि त्या मित्राची आई पुढच्या आठवड्यात कायमची राहायला यायची होती.

दहावी जागा कर्वेनगरातली. विमा कंपनीतून निवृत्त झालेले गोपाळकृष्ण आगाशे आणि दुर्गाबाई एका फ्लॅटमध्ये राहत. समोरचा फ्लॅट त्यांना भाड्यानं द्यायचा होता. जाहिरातीतलं भाडं वाचून अभयला आधी छपाईची चूक वाटली. गोपाळकृष्णांनी नोकरी विचारली नाही, आडनावही विचारलं नाही.

"आपण जाणार कधी?" त्यांनी विचारलं.

"अजून आलोच कुठे, काका?"

"म्हणूनच विचारतोय. एकदा आले, की लोक जायचं नाव काढत नाहीत. करार अकरा महिन्यांचा. त्यानंतर मला जागा मोकळी हवी."

कंपनी वर्षभरात हिंजवडीच्या नव्या इमारतीत जाणार होती आणि ऑफिसात सगळे त्या इमारतीला 'नवी साइट' म्हणत. अभयला तेच सुचलं. "काळजी नको, काका. वर्षाच्या आत आम्ही नव्या साइटवर जाणार."

गोपाळकृष्णांचा चेहरा उजळला. "ऑनसाइट? म्हणजे अमेरिका. अगं ऐकलंस का, हे ऑनसाइट चाललेत."

त्या काळात पुण्यातल्या कुठल्याही निवृत्त माणसाला हा शब्द पाठ होता. अभय दुरुस्ती करायला तोंड उघडणार, तेवढ्यात कल्याणीनं टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला. तोंड मिटलं आणि घर मिळालं. आपण खोटं काहीच बोललो नाही, असं अभयनं स्वतःला बजावलं. पुढे दिवसातून तीन-चारदा बजावावं लागलं.

दोन महिने सुखाचे गेले. तिसऱ्या महिन्यात दुर्गाबाई पुरणयंत्र घेऊन आल्या. त्यांचा मुलगा आमोद सात वर्षं न्यू जर्सीत होता. जाताना त्याच्यासाठी एवढं न्यायचं होतं. ही बातमी तळमजल्यावर गेली. सोसायटीचे सेक्रेटरी हिंमतराव तिकडच्या आपल्या मुलीसाठी समई देऊन गेले. मग खलबत्ता आला, पोळपाट आला आणि कुणाच्या तरी नातवासाठी तबल्याची जोडी आली. सातव्या महिन्यात पलंगाखाली केरसुणी घालायला जागा उरली नाही. कल्याणीनं सामानाची नावानिशी यादीच केली. गोपाळकृष्ण रोज सकाळी अभयला फिरायला नेऊन, तिकडची सवय व्हावी म्हणून रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवत. त्यापायी दोन रिक्षावाल्यांनी अभयच्या मातोश्रींची चौकशी केली.

मध्येच कल्याणीला कावीळ झाली. पंधरा दिवस दुर्गाबाईंनी तिला गादीवरून उठू दिलं नाही. दोन्ही वेळचं जेवण त्याच आणत. अभयला फार भरून आलं आणि खरं सांगणं आणखीनच अवघड होऊन बसलं.

दहाव्या महिन्यात हिंमतरावांनी पार्किंगमध्ये निरोप समारंभ ठेवला. शाल झाली, श्रीफळ झालं, सोसायटीचं नाव सातासमुद्रापार नेण्याबद्दल दहा मिनिटं झाली. उत्तरादाखल अभय उठला. पहिल्या रांगेत दुर्गाबाई डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. ते पाहिलं आणि त्याच्यानं राहवेना.

"मी हिंजवडीला चाललोय," तो म्हणाला.

"विमान तिथून सुटतं का?" मागून कुणीतरी विचारलं.

"नाही. बस सुटते. मीच सोडतो."

मग त्यानं पहिल्या दिवसापासूनचं सगळं सांगून टाकलं. हिंमतरावांनी त्याच्या खांद्यावरची शाल काढून व्यवस्थित घडी घातली. नारळ कल्याणीच्या पिशवीत गेला होता, म्हणून वाचला. माणसं उठून गेली. आगाशे दांपत्यही गेलं.

संध्याकाळी अभयनं बांधाबांध काढली. आता पुन्हा मेहुणे सुरू, एवढंच त्याच्या मनात होतं. दार वाजलं. गोपाळकृष्ण स्टॅम्पपेपर घेऊन उभे होते.

"काका, चुकलं माझं," अभय म्हणाला. "आठ दिवसांत जागा मोकळी करतो."

"कुणासाठी?" गोपाळकृष्ण खुर्चीत बसले. "आमोद दरवर्षी म्हणतो, पुढच्या वर्षी कायमचा येतो. त्याला घर तयार असावं म्हणून मी जाणारीच माणसं शोधत आलो. सात वर्षांत सहा भाडेकरू अमेरिकेला गेले. तो काही आला नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "न जाणारे असे तुम्हीच पहिले भेटलात."

मग ते पुन्हा विमा कंपनीच्या आवाजात बोलू लागले. करार अकरा महिन्यांचा, भाडं तेच. फक्त एक कलम नवं. आमोद आला, की त्याच दिवशी जागा सोडायची.

दुर्गाबाई दारात येऊन उभ्या होत्या. "म्हणजे यांना कायमचीच दिलीत की," त्या म्हणाल्या.

गोपाळकृष्णांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि सही कुठे करायची, ते अभयला बोटानं दाखवलं.