खांबावरचा पत्ता

निमकरकाका नव्या माणसाला नाव विचारत नाहीत. "जेम्सटाउन की प्लिमथ?" असं विचारतात. समोरचा गांगरला की त्यांना आणखी चेव येतो.

इथे अमेरिकेत, श्रूजबरीत ते माझे शेजारी होते. रिटायर्ड इंजिनिअर. इंग्रजांनी अमेरिकेत वसवलेल्या पहिल्या वसाहती हा त्यांचा छंद, आणि शिक्षा आम्हाला. एकटा, पैसा कमवायला आला तो जेम्सटाउन: सोनं शोधत बसला, पेरायचं विसरला, उपाशी मेला. बायकापोरं नि देव घेऊन आला तो प्लिमथ. मी पडलो सडाफटिंग. पहिल्याच दिवशी घरात घुसून त्यांनी माझा फ्रीज उघडला. आत नुसतं केचप! काय आनंद झाला म्हाताऱ्याला! "बघ, उपासमार!" त्या दिवसापासून रोज डबा सुरू. भेंडी दर वेळी करपलेली, पण बोलायची सोय नाही.

खरा राग मात्र रोआनोकवर. ती या दोन्हींच्या आधीची वसाहत. तिचा गव्हर्नर सामान आणायला इंग्लंडला गेला, तीन वर्षांनी परतला तर वस्ती रिकामी. खांबावर एका बेटाचं नाव कोरलेलं, बस्स. माणसं कुठे गेली ते आजवर कळलेलं नाही.

"अरे, एकच शब्द? मागून येणाऱ्यानं शोधायचं कसं? नीट पत्ता लिहायला काय धाड भरली होती?" काका असे चिडायचे, जशी काही गेल्या आठवड्यातली गोष्ट.

काकू गेल्यावर मुलगी त्यांना ओहायोत, डब्लिनला बोलवत होती. मुलगा समीर दहा वर्षांपूर्वी भांडून गेला तो गेलाच. ना फोन, ना पत्ता. काका घर सोडायला तयार नव्हते. मला वाटायचं, नुसता हट्ट. यंदा बर्फात पडून खुबा मोडला, तेव्हा मुलीने ऐकलंच नाही. घर मी भाड्याने घेतलं.

निघायच्या दिवशी बघतो तर काका वॉकर बाजूला ठेवून पोर्चच्या खांबापाशी खुर्ची टाकून बसलेले. हातात छिन्नी.

"काका, फ्लाइट चुकेल!"

"थांब रे, झिपकोड राहिलाय."

खांबावर मुलीचा अख्खा पत्ता कोरला होता, घरनंबरासकट.

"अहो, माझ्याकडे आहे की पत्ता!"

"तुझ्यासाठी नाही." त्यांनी भुसा फुंकला. "समीर आला तर बेल वाजवायचा नाही. फार मानी आहे. पायरीपाशी येईल नि परत फिरेल."

मी गाडीत बॅगा भरत राहिलो.

उन्हाळ्यात पोर्च रंगवला, तो खांब तेवढा सोडला. काका दर रविवारी फोन करून फ्रीजची चौकशी करतात. ठेवताना हळूच विचारतात, "पायरीवरून वाचता येतंय ना अजून?"

"येतंय, काका."