सहाच्या गाडीचा खुलासा

रोज संध्याकाळी सहाला शेषराव अण्णा आपल्या अंगणात बस चालू करतात.

बस म्हणजे अख्खी बस नव्हे. तिला चाकं नाहीत, सीटा नाहीत, छप्पर नाही. लाकडी ओंडक्यांवर बोल्टांनी आवळलेलं नुसतं इंजिन, शेजारी बॅटरी, डिझेलचा डबा आणि लिंबाच्या खोडाला ठोकलेला बसचा हॉर्न, एवढाच ऐवज. सहाला दोन मिनिटं कमी असताना अण्णा डोक्यावर टोपी ठेवून बाहेर येतात, इंजिनाला हात लावून नमस्कार करतात आणि किल्ली फिरवतात. पाच मिनिटं सगळी आळी थरथरते. मग एक लांब आणि एक थोडका असा दोनदा हॉर्न वाजतो, इंजिन बंद होतं आणि अण्णा हात पुसत घरात जातात.

मी त्यांचा शेजारी. इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. आमच्या दोघांच्या अंगणांमध्ये कमरेएवढी एक भिंत आहे आणि आवाज अडवण्याच्या कामी तिचा काडीचा उपयोग नाही. सहाला मी वह्या तपासायला बसलेला असतो. त्या पाच मिनिटांत लाल पेन कुठं जाईल याचा नेम नसतो. एका हुशार मुलीच्या वहीवर मी 'उत्तम' लिहायला घेतलं आणि इंजिन सुरू झालं. दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले आणि पोरीनं एवढं बरोबर लिहूनही तुम्ही पान का फाडलंत, असं विचारू लागले.

अण्णांनी सारी नोकरी परतूरच्या एसटी डेपोच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं खोलण्यात आणि बसवण्यात घालवली. तिथं गाडी रस्त्यात बंद पडली की साहेब मेकॅनिककडून लेखी खुलासा मागत. उभ्या जन्मात अण्णांनी इतके खुलासे दिले, की निवृत्त झाल्याबरोबर त्यांनी ते वसूल करायला सुरुवात केली. दूध पातळ आलं की खुलासा पाहिजे. लाइट गेली की खुलासा पाहिजे. एकदा मी दाढी न करता शाळेला निघालो तर भिंतीवरून आवाज आला, "मास्तर, खुलासा पाहिजे!"

पण त्यांचा सगळ्यात मोठा, न मिळालेला खुलासा सहाच्या गाडीचा. आमचं गाव आष्टीपासून थोडं आत आहे. परतूरहून निघून आष्टीमार्गे एक बस संध्याकाळी सहाला गावात यायची. अण्णांच्या दारातच तिचा थांबा. नोकरीची सगळी वर्षं अण्णा त्याच गाडीनं घरी आले. दोन वर्षांपूर्वी ती अचानक बंद झाली. कुणी म्हणालं गाड्या जुन्या झाल्या, कुणी म्हणालं प्रवासी नाहीत. कॉलेजच्या पोरींनी भरलेली गाडी मी रोज डोळ्यांनी बघत होतो, तरीही प्रवासी नाहीत! त्या पोरी आता काळीपिवळीत एकमेकींच्या मांडीवर बसून येतात. अण्णांनी अर्जावर अर्ज केले. गाडी बंद झाल्याच्या आठवड्यातच जालन्याच्या भंगारातून ते इंजिन उचलून आणलं. गावानं त्याचा अर्थ लावला तो असा, की हा अण्णांचा निषेध आहे. मीही तेच धरून चाललो होतो.

आता हायड्रोजनकडे येतो, कारण अण्णांच्या डोक्यातली तिडीक तिथूनच उठते.

एकदा मी नववीच्या वर्गात हायड्रोजन शिकवताना 'उद्याचं इंधन' असे दोन शब्द बोलून गेलो. संध्याकाळी इंजिन बंद झाल्या झाल्या अण्णा भिंतीवर कोपरं टेकवून उभे.

"मास्तर, तुमच्या त्या हायड्रोजनचा खुलासा पाहिजे. डिझेलवाणी जमिनीतून निघतो का त्यो?"

"नाही अण्णा, पाण्यातून काढतात."

"कशानं?"

"विजेनं."

"मंग?"

"मग तो प्रचंड दाबानं टाकीत भरायचा. गाडीत त्याची परत वीज होते आणि तिच्यावर मोटर फिरते."

अण्णांनी टोपी काढली. टोपी काढली की समजावं, आता आपली धडगत नाही.

"थांबा. म्हंजे वीज आपल्यापाशी हाय. ती खर्चून पाणी फोडलं. दाबायला आणखी वीज खर्चली. मंग गाडीत नेऊन त्याची परत वीज केली, अन् मंग चाक फिरलं. बराबर?"

"बरोबर."

"वाटंत किती सांडली?"

"निम्म्याहून जास्त," मी खालच्या आवाजात म्हणालो.

"अन् तीच पहिली वीज बॅटरीत भरून सरळ चाकाला दिली तर तिचा काय अपमान होतो का?"

मी हार मानली नाही. बॅटरी जड असते, भरायला वेळ लागतो, लांब पल्ल्याच्या मोठ्या ट्रकांना कदाचित हायड्रोजन सोयीचा पडेल, असं बरंच सांगितलं. अण्णांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आष्टीचा बाजार लांब पल्ल्याचा हाय का?"

बरं, माणूस नुसता हेकट म्हणावा तर तेही नाही. त्यांनी माझ्याकडून माझी पुस्तकं नेली, वाचली, वाण्याच्या पुडीच्या कागदांवर हिशेब केले. लोखंड काढायला वापरा, खताला वापरा, जिथं दुसरा इलाज न्हाई तिथं माझी बिलकुल हरकत न्हाई, लेखी देतो, असं त्यांनी मला सांगितलं आणि खरंच लेखी दिलं. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे. त्यांचा राग त्या वायूवर नव्हताच. बारीक फटीतूनही निसटणारा, वास नसलेला, उन्हात ज्याची ज्योतही धड दिसत नाही असा तो वायू सांभाळायला जे पंप, जी माणसं आणि जी तालीम लागते, त्यातलं काहीही दारात नसताना 'हायड्रोजन येतोय' म्हणून सांगत सुटणाऱ्यांवर तो होता.

आष्टीच्या बाजारात एकदा एक जण मोटारसायकलीला पाण्याची बरणी जोडून विकत होता. पाण्यातून हायड्रोजन निघतो, पेट्रोल निम्मं वाचतं, असा त्याचा धडाका चालला होता. भोवती ही गर्दी. अण्णा मला ओढत पुढं घेऊन गेले.

"पाणी फोडायला करंट कुठून आणला?"

"बॅटरीतून, काका."

"बॅटरी कशानं भरती?"

"गाडी चालू असली की आपोआप भरते."

"आपोआप? अन् गाडी कशानं चालू असती?"

तो माणूस हसला. अण्णा हसले नाहीत. त्यांनी खाली बसून पेट्रोलची नळी काढली, टाकीतलं सगळं पेट्रोल एका डब्यात उतरवून घेतलं आणि म्हणाले, "आता चालीव. पाणी हाय ना भरपूर!" त्यानं पन्नास किका मारल्या. घामाघूम झाला बिचारा. गर्दी पांगल्यावर अण्णांनी स्वतःच त्याचं पेट्रोल परत ओतलं, नळी बसवली, सैल झालेली चेन आवळून दिली आणि त्याला चहा पाजला. चहा पिता पिता त्याला खुलासाही मागितलाच.

या सगळ्यात रुक्मिणकाकू कुठं, तर घरात. अण्णांची बायको. काचबिंदूनं काकूंची नजर गेली त्याला बरीच वर्षं झाली. ओसरीवर बसून त्या बोटांनी डाळ निवडतात आणि एकही खडा सुटत नाही. इंजिन बंद झालं की त्यांच्या चुलीवर चहा चढतो, एवढं मला भिंतीपलीकडच्या भांड्यांच्या आवाजावरून ठाऊक होतं. त्यात आणखी काही असेल असं कधी मनात आलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ग्रामसभेला वरून एक साहेब आले. त्यांनी पडद्यावर हायड्रोजन बसचं चित्र दाखवलं. चकचकीत बस, मागच्या नळीतून नुसतं पाणी ठिबकतंय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर अण्णा उभे राहिले.

"मागून पाणी पडलं ते दिसलं, साहेब. पुढं ती गाडी आमच्या गावाला कवा निघती?"

"अहो काका, हे भविष्यातलं इंधन आहे. आता जुन्या गाड्यांच्या मागं किती दिवस लागणार?"

"तवर आमच्या लेकी काय ते पाणी पिऊन परतूरहून चालत येतील का? तुमची नवी गाडी येईपर्यंत आमची जुनी काहून बंद, याचा खुलासा पाहिजे!"

सभेत हशा पिकला. साहेबही हसले. मग अण्णांनी जरा अडखळत विचारलं, "तिचा आवाज येतो का पण?"

साहेबांना वाटलं, म्हातारा वळला. ते खुशीत येऊन म्हणाले, "आवाज नाही, धूर नाही, वास नाही! अगदी दाराशी येऊन उभी राहिली तरी घरातल्या माणसाला पत्ता लागणार नाही."

अण्णांनी हातातली टोपी झटकली. मग म्हणाले, "मंग ती आमच्या गावाला नको," आणि टोपी घालून सभेतून निघून गेले. लोक कितीतरी वेळ हसत होते. मीही हसलो. ते आठवलं की आज मला माझीच चीड येते.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी अण्णा अर्ज घेऊन परतूरला गेले. साडेपाचला मला त्यांचा फोन आला.

"मास्तर, साहेबानं बसवून ठेवलं. अन् आता यायला गाडी न्हाई. सहा वाजता तेवढं इंजिन चालू करा. किल्ली तुळशीपाशी डब्यात हाय. पाच मिनिटं चालवा, दोनदा हॉर्न मारा, एक लांब, एक थोडका. अन् मास्तर, खुलासा मागू नका."

शंभर लोकांना खुलासा मागणारा माणूस मला असं म्हणतो याचा मला भारी राग आला. ज्या इंजिनानं माझं जगणं नकोसं केलं, ते आता मीच चालू करायचं! पण गेलो. किल्ली फिरवली, पाच मिनिटं कानांवर हात ठेवून उभा राहिलो, दोनदा हॉर्न मारला आणि बंद करून वळलो, तर ओसरीच्या खांबाला धरून रुक्मिणकाकू उभ्या होत्या.

"सर, तुमी हाय का?"

मी चपापलो. "कसं ओळखलंत, काकू?"

"ह्यांचा हात येगळा. ते आधी रेस उतरवतात, मंग हॉर्न मारतात. वळणावर गाडी हळू होती ना, तसं. तुमी भर रेसमधीच मारला."

मी म्हणालो, "काकू, हे रोज कशासाठी करतात अण्णा?"

काकू पायरीवर बसल्या. "डोळे गेले तवा मला दिवस अन् रात कळंना. सकाळ समजून भर दुपारी सडा टाकला एक बार. लई भ्या वाटायचं, सर. मंग ध्यानात आलं, सहाची गाडी आली म्हंजे संध्याकाळ झाली. त्याच गाडीनं हे घरी यायचे. तेवढ्या आवाजावर मी सगळा दिवस बांधून घेतला. मंग ती गाडी बंद पडली. हे चार दिवस म्हणत राह्यले, आज उशीर झाला, आज तुझा डोळा लागल्ता, गाडी येऊन गेली. पाचव्या दिवशी हे इंजिन आणलं."

"आणि तुम्हाला ती बसच वाटते?"

काकू तोंडाला पदर लावून हसल्या. "पहिल्याच दिवशी कळलं. गाडी थांबली की दार आपटतंय, सर. ह्यांच्या इंजिनाला दार कुठं हाय? पर त्यांना वाटतं मला कळत न्हाई. तुमी बी सांगू नका. दिवसभर सगळ्या दुनियेशी भांडून येतंय ते माणूस, अन् सहा वाजता तेवढं खूश होतंय." मग उठता उठता म्हणाल्या, "आता चहा ठेवते. आले का ते?"

"येतायत," मी म्हणालो.

त्या दिवसापासून मी फार संतापलेला असतो. शोध लागोत, नवी इंधनं येवोत, माझा त्याला विरोध नाही, मी विज्ञान शिकवतो. पण उद्याची गाडी पडद्यावर दाखवून आजची गाडी काढून घेणाऱ्यांनी, ती काढताना कुणाची संध्याकाळ काढून घेतली हे एकदा येऊन बघावं. अण्णांचे अर्ज आता मी लिहितो. अक्षर माझं, खुलासा त्यांचा. उत्तर अजून आलेलं नाही.

काकूंशी बोलणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सहाला अण्णा नेहमीसारखे बाहेर आले. टोपी, नमस्कार, किल्ली. पाच मिनिटांनी त्यांनी रेस उतरवली, लांब हॉर्न मारला, थोडका मारला, इंजिन बंद केलं. मी वह्या बाजूला ठेवून बाहेर आलो होतो. अण्णांच्या अंगणाला पत्र्याचं फाटक आहे. ते मी दोन्ही हातांनी उघडलं आणि होता नव्हता तेवढा जोर लावून आपटलं.

अण्णा उसळलेच. "मास्तर! माझं फाटक हाय ते! काहून आपटलं, याचा खुलासा पाहिजे मला!"

मी काही बोलायच्या आत ओसरीवरून काकूंचा आवाज आला. "आली वाटतं गाडी! सर बी आले का संगं? मंग तीन कप टाकते."

अण्णा फाटकाकडं बघत राहिले. मग माझ्याकडं. मग त्यांनी हळूच टोपी काढली, डोळ्यांवरून फिरवली आणि म्हणाले, "उद्या जरा हळू आपटा. बिजागरी जुनी हाय."