डब्याला काय जुंपायचं

लोणावळ्यात बंगला घेऊन राहिलेला एक साहेब सदतीस सालच्या दसऱ्याला कायमचा विलायतेला परत गेला आणि जाताना आपला चाकांचा डबा महिपतरावांना देऊन गेला. महिपतरावांनी तीस वर्षं रेल्वेच्या शेडमध्ये गाड्यांची चाकं हातोडीनं ठोकून पाहिली होती. साहेबाच्या ह्या डब्याचा आसही त्यांनीच दोनदा सरळ करून दिला होता. साहेब तो आपल्या थोरल्या मोटारीला बांधून रानोमाळ न्यायचा, त्यातच निजायचा आणि त्यातच चहा करून प्यायचा. मोटार मुंबईला विकली गेली. डब्याला मात्र गिऱ्हाईक मिळेना. तेव्हा साहेबाने महिपतरावांचा हात हातात घेतला आणि डबा त्यांच्या दारात आणून लावला.

डबा पांढऱ्या पत्र्याचा होता. दोन चाकं, दोन चिमुकल्या खिडक्या, आत निजायला समोरासमोर दोन अरुंद बाकं आणि मधे स्टोव्हपुरतं कपाट. महिपतरावांच्या बायकोने, रतनबाईंनी, आत डोकावून सगळं बघून घेतलं.

"ह्यात ऱ्हायचं, का ह्यात सरपण ठिवायचं?" त्यांनी विचारलं.

"ह्यात हिंडायचं," महिपतराव म्हणाले. "नोकरी सुटली. आता सगळा हिवाळा आपला."

त्या दिवशी भाकरी थापताना रतनबाईंचं लक्ष नव्हतं. त्यांचं माहेर बेडशाला, लेण्यांच्या डोंगराखाली. लोणावळ्याहून काही लांब नाही. पण नवऱ्याची ड्युटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. डब्यात भाकरी कुणी द्यायची? लग्न होऊन अठ्ठावीस वर्षं झाली, तरी माहेरी एका रात्रीवर दुसरी रात्र म्हणून काढता आली नव्हती. आई, सरुबाई, दर खेपेला म्हणायची, "आलीस कशाला, जायला?" आता रतनबाईंनी आल्यागेल्याच्या हाती आईला निरोप धाडला की थंडी पडली की रतन स्वतःच्या गाडीनं येतेय आणि चांगली आठ दिवस राहणार आहे.

महिपतरावांनी रेल्वेच्या रीतीप्रमाणे दौऱ्याचं वेळापत्रक केलं. सकाळी आठ वाजता लोणावळा सोडायचं. पावणेनऊ वलवण, दहा कार्ला, तिथे पाणी. साडेअकरा कामशेत, तिथे जेवण. चार वाजता बेडसे. आठ दिवसांनी तिथून पुढे पवनेच्या काठाकाठाने तुंगीपर्यंत, आणि पौष संपायच्या आत घरी. कागदावर कुठेही खोट नव्हती. फक्त डबा ओढणार कोण, ती जागा कोरी होती.

त्या जागेसाठी पहिला अर्ज आला अल्लाबक्षचा. अल्लाबक्ष कामशेतचा. लोणावळा ते कामशेत भाड्याची मोटार चालवायचा आणि महिपतरावांचा जुना दोस्त होता.

"महिपतभाऊ, इंजिनाच्या मानसानं इचार करायचा काय त्यात? डबा हाय, तर म्होरं मोटार पायजे."

महिपतरावांनी हातोडी आणली आणि मोटारीची चारही चाकं, बॉनेट आणि मडगार्ड ठोकून, कान लावून पाहिलं. एका मडगार्डाचा आवाज त्यांना आवडला नाही. "ते मडगार्ड न्हाई, घासलेटच्या डब्याचा पत्रा हाय," अल्लाबक्षने कबूल केलं. तरी चाचणी घ्यायचं ठरलं. दोघांनी डबा मोटारीला जोडला आणि ते वलवणच्या धरणाकडे निघाले. डबा मागून असा गुमान आला की अल्लाबक्षने एका हाताने विडीसुद्धा पेटवली. अडचण आली ती परत फिरताना. मोटार मागे घेतली की डबा भलतीकडेच तोंड करी. स्टिअरिंग डावीकडे वळवलं तर तो उजवीकडे, आणि उजवीकडे वळवलं तर त्याहून उजवीकडे. चौथ्या खेपेला मोटार आणि डबा दोघं मिळून रस्त्यावर आडवे झाले. एका बाजूने भाताच्या गाड्या येऊन थांबल्या, दुसऱ्या बाजूने पुण्याची सर्व्हिस मोटार. शेवटी सर्व्हिस मोटारीतल्या उतारूंनी खाली उतरून डबा उचलून फिरवला. त्यातला एक वकील होता. त्याने उपरणं काढून ठेवून हात लावला, पण बोलला फार.

घरी हा वृत्तान्त ऐकून रतनबाईंनी एवढंच विचारलं, "म्हंजी, गेल्यावर माघारी यायचं न्हाई, आसं का?"

दुसरा अर्ज घेऊन त्यांचा भाऊ कोंडाजी बेडशाहून स्वतः आला, आणि बैलजोडी घेऊनच आला. भाताची झोडणी उरकली होती, म्हणून त्याला सवड होती.

"दाजी, पेट्रोल संपलं तर मोटारीला काय चारनार? माझी जोडी कुटंबी चरती."

महिपतरावांनी नेमाप्रमाणे हातोडी घेतली आणि पवळ्या बैलाचा खूर ठोकला. पवळ्याने ती हातोडी शेजाऱ्याच्या कौलांवर पोचवली. कोंडाजी म्हणाला, "बगा, ताकद हाय."

ताकद होतीच. पण डब्याचा जोडायचा आकडा गुडघ्याएवढा खाली आणि बैलांचं जू छातीएवढं वर. जुंपल्याबरोबर डब्याने नाक आभाळाकडे केलं. रतनबाई आत पिठाचे डबे लावत होत्या. त्या, पिठाचे डबे आणि स्टोव्ह असे एकापाठोपाठ एक मागच्या पत्र्याशी जमा झाले. त्यांना बाहेर काढलं तेव्हा त्या पायापासून केसांपर्यंत पांढऱ्या होत्या.

"मला काय झालं न्हाई," त्या म्हणाल्या. "पन आता पीठ कुनी मळायचं त्ये तुमीच ठरवा."

महिपतरावांनी सुताराकडून लांब दांडी करून घेतली आणि डबा सपाट केला. मग वलवणच्या उतारावर दुसरंच निघालं. डब्याला ब्रेक नव्हता. उताराला लागल्यावर बैलांनी ओढायचं सोडून दिलं आणि डब्यानेच बैलांना हाकायला सुरुवात केली. कोंडाजी जोडीच्या पुढे पळत, हात पसरून, "हो हो" म्हणत कार्ल्याच्या बाजूला निम्म्या वाटेवर पोचला.

तेव्हा महिपतरावांनी डब्याच्या आत हाताने फिरवायचा ब्रेक बसवला, आणि ब्रेकवर रतनबाईंना नेमलं. एक शिट्टी झाली की चाक आवळायचं, दोन झाल्या की सोडायचं. रतनबाईंनी चाक चारदा फिरवून पाहिलं आणि ते त्यांच्या मनास आलं. अठ्ठावीस वर्षं ज्या रेल्वेची त्या भाकरी बांधत आल्या होत्या, तिचं एक काम पहिल्यांदाच त्यांच्या हाती आलं होतं.

राहिला प्रश्न मोटार की बैल. अल्लाबक्ष ओट्याच्या ह्या टोकाला बसला होता, कोंडाजी त्या टोकाला, आणि दोन दिवस दोघं एकमेकांशी न बोलता महिपतरावांना पटवत होते. एकाला हो म्हणावं तर दोस्ती जाते, दुसऱ्याला हो म्हणावं तर सासुरवाड. रतनबाईंनी चहाच्या कपबश्या उचलता उचलता निकाल दिला. "मोटार वढंल. बैल मागनं येतील. मोटार थकली की बैल म्होरं."

मार्गशीर्षातल्या एका धुक्याच्या सकाळी वरात निघाली. पुढे मोटार, तीत अल्लाबक्ष आणि खाकी कोट घातलेले महिपतराव, मागे डबा, आत रतनबाई, आणि त्याच्या मागे रिकामी जोडी हाकत रुसलेला कोंडाजी. वेळापत्रक पहिल्या मैलातच बिघडलं. बैल मागे पडायचे, मग मोटारीने थांबून वाट पाहायची. कोंडाजी दिसला की पुन्हा निघायचं. असं थांबत थांबत कामशेत यायला दीड वाजला. पुढे पवन मावळाचा कच्चा रस्ता. पहिल्याच चढाला मोटारीच्या तोंडातून वाफ निघू लागली आणि ती जागीच थांबली.

कोंडाजी जोडी घेऊन सावकाश आला. मोटारीकडे पाहिलं, वाफेकडे पाहिलं. "जुपू का?" त्याने विचारलं. दिवसभरातलं त्याचं हे पहिलंच बोलणं होतं.

तर आता पुढे बैल, बैलांना मोटार, मोटारीला डबा. बंद मोटारीच्या स्टिअरिंगमागे बसून अल्लाबक्ष करायला दुसरं काही नाही म्हणून मधून मधून हॉर्न वाजवत होता. करुंजला पाण्यासाठी थांबले. महिपतराव खाली उतरले आणि सवयीप्रमाणे डब्याची चाकं ठोकत भोवती फिरले. विहिरीवर दोन बायका होत्या. त्यांनी पांढरा बंद डबा पाहिला. खाकी कोटातला माणूस हातात हत्यार घेऊन फिरताना पाहिला. त्याने शिट्टी फुंकलेली ऐकली, आणि घागरी तिथेच टाकून त्या आडवाटेने बेडशाकडे पळत सुटल्या. महिपतरावांना वाटलं, वर्दी द्यायला गेल्या असतील.

वर्दी द्यायलाच गेल्या होत्या. बेडशाच्या वेशीत डबा शिरला तेव्हा साडेपाच झाले होते आणि गावात माणूस नव्हतं. चुली पेटलेल्या, पण माणूस नाही. एक कोंबडं मधून चालत गेलं. रतनबाई नवं लुगडं सावरत डब्याच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या माहेरच्या घराला बाहेरून कडी होती.

"आयेला सांगितलं व्हतं न्हवं मी येनार म्हनून?" त्यांनी भावाला विचारलं.

"सांगितलं व्हतं की," कोंडाजी म्हणाला. तोही गोंधळला होता.

रतनबाई पायरीवर बसल्या. त्यांनी डोळ्याला पदर लावला नाही, पण महिपतरावांकडे बघितलंही नाही. महिपतराव कडीकडे बघत राहिले. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून एकही डबा असा चुकीच्या जागी लागला नव्हता.

तेवढ्यात लेण्यांच्या वाटेवर, बरंच वर, कुणाचं तरी पोर खोकललं. रतनबाईंनी मान वर केली. झुडपांच्या मागे मुंडासी दिसत होती, लुगडी दिसत होती, सगळं गाव दिसत होतं. त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी माहेरवाशिणीचा गळा काढला. "आये, तू डोंगरावर काय करती गं? मी काय वाघ हाय? हितं तुजी लेक चार वरसांनी आली आन् तू दाराला कडी घालून हिंडतीस?"

वरून सरुबाईंचा आवाज आला. "आगं, ही तर आमची रतनी भांडती. देवीडॉक्टर न्हवं त्यो."

गाव हळूहळू खाली उतरलं. करुंजच्या बायकांनी सांगितलं होतं की पोरांना देवी टोचायला सरकारी पांढरी गाडी येतेय, आणि ह्या खेपेला सुई नाही, हातोडी आहे. महिपतरावांनी खाकी कोट काढून घडी करून ठेवला. सरुबाईंनी लेकीच्या गालावरून हात फिरवले, जावयाची विचारपूस केली आणि मग त्या काठी टेकत डब्यात चढल्या. बाकावर बसून पाहिलं, आडव्या झाल्या, खिडकी उघडली, मिटली. मोटार निवल्यावर अल्लाबक्ष सगळ्यांचा निरोप घेऊन गेला. एकटी मोटार कामशेतकडे वाऱ्यासारखी पळाली. तरी सरुबाई काही खाली उतरल्या नाहीत.

"माजं वय सत्तर," त्या आतून म्हणाल्या. "ही पवना कुटनं येती ते मी बगितल्यालं न्हाई."

महिपतरावांनी समजावून सांगितलं की मुक्काम आठ दिवसांचा आहे, पुढचा दौरा नंतर, आणि बाकं दोनच आहेत. सरुबाईंनी बोटाने मोजली. "येक माजं, येक रतनीचं. बरुबर हाय."

"आये, म्हस हाय, खळ्यावर भात पडलंय," कोंडाजी म्हणाला. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती. बैल त्याच्याशिवाय कुणाचं ऐकत नव्हते, म्हणजे त्याला जाणं भागच होतं. एकेक करून सगळ्यांच्या माना महिपतरावांकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा निघाला आणि महिपतराव भाताच्या राशीशी घोंगडं पांघरून राहिले. म्हशीने पहिले दोन दिवस त्यांना जवळ येऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी दिलं. पवनेकडून येणारे लोक बातम्या आणत. डबा नदीकाठी उभा होता. म्हाताऱ्या बाईनं सगळ्या कोळणींना चहा पाजला. ब्रेकवाली बाई उताराला लय बेस गाडी धरते.

नवव्या दिवशी डबा परत आला. महिपतरावांनी गाठोडं बांधून तयार ठेवलं होतं. रतनबाई खाली उतरल्या. उन्हाने त्यांचा रंग रापला होता आणि त्या दहा वर्षांनी लहान दिसत होत्या. नदी, देवळं, कुणाकुणाकडे खाल्लेले मासे, सगळं त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. अठ्ठावीस वर्षांत त्या एका दमात इतकं बोलल्या नव्हत्या. महिपतराव ऐकत राहिले. त्यांना मधे बोलावंसं वाटेना.

"मग आता?" त्यांनी शेवटी विचारलं.

"आता तुंगी. मावशीला निरोप गेलाय, ती वाट बगती." रतनबाईंची नजर गाठोड्यावर गेली आणि त्या थोड्या ओशाळल्या. "तुमी येता का मग? मी ऱ्हाते म्हशीपाशी."

तेवढ्यात गोठ्यातून म्हैस हंबरली. कोंडाजी चरवी घेऊन गेला होता तो धोतर झाडत परत आला. "दाजी, ती मला लाथ मारती," तो म्हणाला. "तुमालाच बोलावती जनू."

महिपतरावांनी गाठोडं सोडलं. त्यातला लाडवांचा डबा काढून त्यांनी रतनबाईंच्या बाकाखाली ठेवला, आसाला तेल घातलं आणि खिडकीतून आत बघत असलेल्या सासूला नमस्कार केला.

"फुडल्या हिवाळ्याला तुमी चला," रतनबाई म्हणाल्या.

"चालेल," महिपतराव म्हणाले, आणि धारेची वेळ टळत होती म्हणून कोंडाजीच्या हातातली चरवी घेऊन गोठ्याकडे वळले.