मुक्कामाची गाडी वेळेवर होती

वैशालीचं लग्न अर्ध्या गुणाने अडलं. छत्तीसपैकी साडेसतरा गुण जुळले, आणि पास व्हायला अठरा लागतात. शाळेत असं झालं असतं तर मास्तरांनी अर्धा गुण पदरचा घालून पोरीला वर ढकललं असतं. पण हे गुण महाडच्या बाजारपेठेतल्या एका दुकानातल्या कॉम्प्युटरने दिले होते, आणि कॉम्प्युटरला दयामाया कुठली?

चीड येते ती याची, की तिथे जायचा हट्ट मुलीच्या बापाचाच होता. रावजी उमरठच्या वरच्या वाडीतला. त्याच्याकडे तीन म्हशी होत्या, नाचणी-वरीपुरती जमीन होती आणि जगात लागणाऱ्या प्रत्येक शोधाबद्दल एक ठाम मत होतं. दुधाच्या किटल्या घेऊन तो रोज पोलादपूरला उतरायचा, स्टँडसमोरच्या टपरीवर एका चहात अख्खा पेपर वाचायचा आणि संध्याकाळी वाडीला ऐकवायचा. परदेशात मेंढीची हुबेहूब दुसरी मेंढी बनवली, तेव्हा आधी आहेत त्या मेंढरांना चारा घाला म्हणावं, असा निकाल त्याने दिला होता. दोन हजार साल लागताना जगातले सगळे कॉम्प्युटर मध्यरात्री बंद पडणार, अशी बातमी त्याने इतक्या खात्रीने सांगितली की वाडीने दोन महिन्यांचं रॉकेल भरून ठेवलं. एक जानेवारीला काहीच झालं नाही. दुसरा कोणी असता तर चार दिवस तोंड लपवून बसला असता. रावजीने मतच फिरवलं. एवढं संकट आलं आणि यंत्राच्या केसालाही धक्का लागला नाही, म्हणजे यंत्र अस्सल आहे, असं तो आता सांगू लागला.

त्याच वर्षी पलीकडच्या डोंगरावरच्या कोंडाजीच्या मुलाचं, सूरजचं स्थळ आलं. सूरज मुंबईत लिफ्टदुरुस्तीच्या कामाला होता. मुलाला मुलगी आवडली, मुलीला मुलगा आवडला, दोघांच्या आयांना एकमेकींचं लोणचं आवडलं. कोंडाजी नेहमीच्या गुरुजींना दोघांची नावं सांगून गुण बघणार होता. पण रावजीला कुठे राहवतंय?

"गुरुजी झाला तरी मानूस हाय, चुकंल," तो म्हणाला. "कंपूटर खोटं बोलत नाय. तुमी फक्त पोराचा कागद आणा. तोंडी सांगितलेलं त्याला चालत नाय."

कोंडाजी बिचारा कागद घेऊन आला. दुकानात सुप्रिया नावाची मुलगी कॉम्प्युटर चालवायची. तिने मुलाची माहिती टाइप केली, एक जून एकोणीसशे चौऱ्याहत्तर, सकाळी साडेदहा. रावजी थक्क झाला. माणसं किती टापटिपीची, जन्माची वेळसुद्धा घड्याळ लावून ठेवलेली! वैशालीची नोंदही होतीच. रावजीने ती स्वतःच्या हाताने घराच्या तुळईवर कोळशाने लिहून ठेवली होती: "९ डिसेंबर १९७८, मुक्कामाची गाडी आली तेव्हा." त्या काळी वाडीत घड्याळ नव्हतं. संध्याकाळी महाडहून मुक्कामाची गाडी यायची, खालच्या वळणावर लांब हॉर्न द्यायची, आणि त्या हॉर्नवर वाडी चुली पेटवायची, म्हशी बांधायची. वैशाली त्या हॉर्नवरच जन्मली. गाडीची वेळ साडेसातची, म्हणून सुप्रियाने साडेसात टाकले. प्रिंटर करकरला आणि दोन्ही कडांना भोकं असलेल्या कागदावर साडेसतरा गुण बाहेर आले.

रावजीचा चेहरा पडला. फेरतपासणी होते का, असं त्याने विचारलं. सुप्रिया भली मुलगी होती, तिने पुन्हा सगळं बघितलं.

"काका, त्या दिवशी संध्याकाळी सात बेचाळीसला नक्षत्र बदलतंय," ती म्हणाली. "जन्म त्यानंतरचा असता तर साडेचोवीस गुण झाले असते."

बारा मिनिटं! रावजीला हायसं वाटलं. गाडी ती गाडी, ती काय काट्यावर येते? बारा मिनिटं कशाला, चांगली अर्धा तास उशिरा आली असेल. टाका आठ, असं त्याने सुप्रियाला फर्मावलं. तेव्हा इतका वेळ गप्प असलेला कोंडाजी बोलला.

"रावजीभाऊ, कंपूटर खोटं बोलत नाय ना? मग तोंडी कशी येळ बदलायची? आमी कागद आणला. तुमी बी आणा."

स्वतःचंच वाक्य असं समोरून आलं की माणसाला फार राग येतो. रावजी घरी आला तो धुमसतच. अर्ध्या गुणासाठी पोरीचा संसार अडवतात म्हणजे काय, असं तो चुलीपुढे ओरडू लागला. त्याची बायको सोनाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, की कॉम्प्युटरला अक्षत द्यायला गेला होता कोण? यावर रावजीकडे मत नव्हतं. वैशाली ताटं मांडत होती. तिने एवढंच सांगितलं, "मला सूरज पसंत हाय. कंपूटरला नसंल तर कंपूटरनं करू नये लगीन."

पण कोंडाजी अडून बसला होता. कागद आल्याशिवाय पुढचं बोलणं नाही आणि आठवडाभरात आला नाही तर दुसरीकडे बघू, असा त्याचा निरोप आला. रावजीने शोध काढला. त्या काळात मुक्कामाच्या गाडीवर सहदेव कंडक्टर असायचा, तो आता निवृत्त होऊन महाडजवळच्या नाते गावी घरी असतो, असं कळलं. रावजी तुपाची बरणी आणि वैशालीला घेऊन नात्याला गेला.

सहदेव ओटीवर बसला होता. त्याच्या डोक्यावर भिंतीला काचेच्या चौकटीत एक प्रशस्तिपत्र होतं, वक्तशीर सेवेबद्दल. ते बघून रावजी थोडा चाचरला, पण मुलीचा बाप, मागे कसा फिरणार? त्याने सगळी हकिकत सांगितली आणि एका ओळीचं लेखी मागितलं, त्या दिवशी गाडी पंधरा मिनिटं उशिरा आली एवढंच.

सहदेवने तुपाची बरणी आधी परत सरकवली.

"अकरा वर्षं त्या गाडीवर होतो," तो म्हणाला. "सात एकोणतीस नाय, सात एकतीस नाय. सात तीस. गाडी लेट झाली की शिव्या द्यायला अख्खा तालुका येतो रे. वेळेवर आली म्हणून आजवर एक मानूस माझ्या दारात आला नाय. आज पहिला तू आलास, तो लेट झालो असं लिहून मागायला."

रावजीने विज्ञान काढलं. घड्याळं मागेपुढे होतात, असं त्याने पेपरात वाचलं होतं. सहदेव म्हणाला, आपण रोज सकाळी आकाशवाणीच्या ठोक्याला घड्याळ लावायचो. मग रावजीने पोरीच्या आयुष्याचा प्रश्न काढला. सहदेवने आपल्या आयुष्याचं काय, असं विचारलं. आवाज चढले, शेजारची दोन माणसं कुंपणापाशी येऊन उभी राहिली.

"चला बाबा," वैशाली उठली. "गाडी वेळेवर हुती तर हुती. कशाला त्यांना खोटं लिवायला लावायचं? आमच्या वाडीत अजून म्हंतात, चूल पेटवावी ती सहदेव कंडक्टरच्या गाडीवर."

तिने वाकून सहदेवला नमस्कार केला आणि ती पायऱ्या उतरायला लागली. सहदेव तिच्या पाठीकडे बघत राहिला. आपल्या हॉर्नवर एक पोर जन्माला आली होती हे त्याला बावीस वर्षांनी कळत होतं, आणि आपण वेळेवर होतो म्हणून तिचं लग्न मोडत होतं. मग त्याने चिडक्या आवाजात कागद मागवला.

तरी काम सोपं नव्हतं. उशिराला कारण लागतं, असं सहदेवचं म्हणणं. पाऊस लिहावा तर महिना डिसेंबरचा. टायर बसला असं लिहिलं तर डेपोचं नाव जातं, आणि ड्रायव्हरवर तर तो काही येऊ देणार नव्हता. शेवटी त्याने रस्त्यात म्हशी आडव्या आल्या असं लिहिलं. कोणाच्या म्हशी, असं रावजीने सहज विचारलं.

"तुझ्या," सहदेव म्हणाला आणि त्याने खरोखरच तसं लिहिलं. सही केली, उठला, प्रशस्तिपत्र खिळ्यावरून काढलं आणि ट्रंकेत ठेवून दिलं.

कागद पोचला. साडेचोवीस गुण झाले. कोंडाजी खूश झाला आणि त्याने तो कागद पोलादपूरच्या टपरीवर चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवला. मग काय विचारता! सहदेव बाजाराला महाडला गेला की ओळखीचे लोक हटकू लागले, की काय सहदेव, झालास ना शेवटी लेट? त्याच्या जुन्या ड्रायव्हरने तर बोलणंच टाकलं. गाडी मी हाकायचो, मग मी काय म्हशी मोजत उभा होतो, असा त्याचा निरोप होता. सहदेवने हे सगळं गिळलं. पोरीचं भलं झालं ना, मग बास, असं तो स्वतःला बजावायचा, पण रात्रीचं जेवण काही त्याला जाईना.

साखरपुडा रावजीच्या अंगणात झाला. सहदेवला खास बोलावणं होतं. तो सांगितल्या वेळेला, म्हणजे सगळ्यांच्या आधी एक तास, येऊन बसला होता. अंगठ्या झाल्या, पेढे फिरले, आणि लग्नाच्या तारखेचं बोलणं निघालं. रावजीला उत्साह आवरेना. एक जूनलाच बार उडवू, जावईबापूंचा वाढदिवसही त्याच दिवशी आहे, असं त्याने सुचवलं.

सूरजची आई मैना तोंडाला पदर लावून हसली.

"वाढदीस कसला वो? आमचा सूरज शिमग्यातला. होळी पेटली आणि ह्यो झाला. साल काय ध्यानात नाय. एक जून शाळेच्या मास्तरांनी घातली, अर्ध्या वाडीची तीच हाय."

रावजीचा पेढा हातातच राहिला. त्याने कोंडाजीकडे बघितलं.

"आणि सकाळचे साडेधा?"

"शाळेत नाव घालायला गेलो तवा भिंतीवरच्या घड्याळात साडेधा झालं हुतं," कोंडाजी शांतपणे म्हणाला. "दाखल्यावर येळ नसती. ती बाय येळ मागत हुती, म्हणून ती सांगितली. कागद आणा, तोंडी चालत नाय, असं तुमीच म्हणालात."

जगात नसलेल्या एक जूनच्या माणसाशी आपल्या पोरीचे साडेसतरा गुण जुळले म्हणून रावजी रात्र रात्र तळमळला होता! एवढी चीड त्याला दोन हजार सालाचीही आली नव्हती. आता पुन्हा कॉम्प्युटरला विचारायचं काय, असं गर्दीतून कोणीतरी म्हणालं. सोनाबाईने पुढे होऊन एक पेढा रावजीच्या तोंडात कोंबला, एक कोंडाजीच्या, आणि त्या दुकानाची पायरी जो चढेल त्याने या घराची चढू नये, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितलं. सूरज आणि वैशाली अंगठ्या घालून बसले होते, ते एकमेकांकडे बघून हसले. लग्न काही मोडलं नाही.

पण सहदेव उठून उभा राहिला होता.

"मग माझी गाडी लेट कशाला झाली?" त्याने विचारलं.

रावजीने खाली बघितलं. वैशाली उठली, घरात गेली आणि कोंडाजीने येताच देवापुढे ठेवलेला तो कागद आणून तिने सहदेवच्या हातात दिला. सहदेवने तो म्हशींसकट फाडला. मग त्याने चुलीतला कोळसा मागितला, घरात जाऊन एका पाटावर चढला आणि चष्मा लावून तुळई वाचली. "मुक्कामाची गाडी आली तेव्हा," असं तिथे अजून स्पष्ट दिसत होतं.

त्याच्यापुढे त्याने मोठ्या अक्षरात "वेळेवर" असं लिहिलं आणि खाली सही केली.