आप्पा फ्रेंच शिकतात

टँकरच्या रांगेत घागर टेकवली, की आमचे शेजारी बसवण्णाप्पा सगळ्यांना ‘बोंझूर’ करत. लातूरचा जिल्हा नुकताच झाला होता. कचेरीवरची पाटी नवी कोरी, नळ मात्र कोरडे. टँकरचा ड्रायव्हर दिसला की आप्पा छातीवर हात ठेवून ‘झे स्वाफ’ म्हणत. म्हणजे मला तहान लागलीय. दुष्काळानं म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला, अशी रांगेची खात्री होती.

आप्पांचं धान्याचं आडत दुकान. शिक्षण चौथी, तेही निजामाच्या अमलातलं, उर्दूत. इंग्रजीचा गंध नाही आणि फ्रेंचचं पुस्तक मिळालं ते नेमकं इंग्रजीतून शिकवणारं. म्हणून रोज सकाळी ते माझ्या, म्हणजे शाळेतल्या इंग्रजीच्या मास्तराच्या, मानगुटीवर बसत. बसत कसले, येरझाऱ्या घालत. मी इंग्रजीचं मराठी करायचं आणि फ्रेंचचा उच्चार दोघांनी अंदाजानं ठरवायचा. शेवटची अक्षरं पुष्कळदा बोलायचीच नसतात, हे कळल्यावर मात्र ते थबकले.

“ल्ह्यायचं आन् बोलायचं न्हाई? असली कटती आमी मालातबी कापत न्हाई.”

“आप्पा, त्यापेक्षा सरळ इंग्रजी शिका की,” मी एकदा वैतागून म्हणालो.

त्यांनी खिशातून लेकीचं पत्र काढून माझ्या हातात दिलं. लेक मॉन्ट्रियलला. तिकडं शाळा कायद्यानं फ्रेंच, जावयाचं ऑफिस इंग्रजी, म्हणून घरातही इंग्रजी. पोरीचा गोंधळ नको म्हणून मराठी तर बंदच केलेली. आणि सहा वर्षांची नात, गौरी, दोन महिने घरात कुणाशीच बोलत नव्हती.

“तिचं दुखणं शाळंत हाय, सर. मंग शाळंच्याच भाषंत इचारावं लागंल की. लई घोर लागलाय. बसवत न्हाई मला.”

मला माझीच लाज वाटली. त्या दिवसापासून मी चेष्टा सोडली.

अकरा वाक्यं पाठ झाल्यावर एका संध्याकाळी आम्ही तार ऑफिसात गेलो. तिकडं तेव्हा शाळेआधीची सकाळ. कॉल लागेपर्यंत आप्पांनी तिथली फरशी झिजवली. लागल्यावर पहिलंच वाक्य, ‘शाळेत काय झालं, बाळा?’, ते फ्रेंचमध्ये ओरडून बोलले. पुढची दहा राहूनच गेली. नुसतंच “वी, वी” चाललं होतं, म्हणजे हो, हो. तीन मिनिटं संपली आणि फोन तुटला.

बाहेर येऊन ते पायरीवर बसले.

“काय म्हणाली गौरी?”

“एक शब्द कळला न्हाई, सर.” धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत ते म्हणाले, “पन थांबलीच न्हाई की वो. बोलतच हुती.”