हेमलताबाई सभेतून उठल्या नाहीत त्याची हकीकत

श्रीशारदेचे पायी माथा टेकून आणि हजेरीपटावर सही करून, मग हा मजकूर लिहावयास घेतला आहे. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, भृगुवार, ते दिवशी जे घडले ते ऐसे. एक दौलत होती. तिचे नाव लिहीत नाही, कारण लिहिणाराची भाकरीही तेथेच आहे. कष्टकरी रयतेस विद्या मिळावी म्हणोन वडिलांनी ती लोकविद्यालय ऐसे नाव देऊन वसविली, आणि तिजवर प्राचार्य भार्गवराव राज्य करीत होते, आणि त्यांचे पदरी एकतीस अध्यापक आणि बावन्न समित्या होत्या. स्वागत समिती होती, सत्कार समिती होती, आणि त्या दोहींत तंटा होऊ नये म्हणोन तिसरी होती, आणि या अवघ्या कारभारास मिळोन सेवा म्हणत. दौलतीची रीत ऐसी जे, सभा चालता जो बाहेर गेला त्याचे माघारी त्याचे नाव समितीवर घालावे. कोणी पाणी प्यावयास उठला तर परतेतो वृक्षारोपणाचा अध्यक्ष जाहलेला असे. म्हणोन जाणती मंडळी सभेचे दिवशी सकाळपासोन चहासही शिवत नसत.

त्या दौलतीत हेमलताबाई खरात या गणित शिकवीत. त्यांचा एक वर्ग दुपारी दोनास भरे, त्यात बाहेरून दहावीचे परीक्षेस बसणाऱ्या अकरा बायका येत. कोणी धुणीभांडी करी, कोणी वीटभट्टीवर जाई, आणि सुगंधाबाई वाघमोडे म्हणोन एक होती, ती शाळेत पोरांची खिचडी शिजवी. तिला अंगणवाडीवर नेमणूक मिळावयाची होती, परंतु दहावी पाहिजे, आणि वयाची अट पुढील सालीच सरत होती. दोन वाजले की हेमलताबाई भर सभेतून उठत आणि वर्गावर जात, आणि ऐसे करिता करिता सहा सालांत चौदा समित्या त्यांचे गळ्यात पडल्या. शिकवावयास गेली ती सापडली, ऐसा न्याय. बाईंनी कधी तक्रार केली नाही, हेच त्यांचे चुकले, ऐसे आम्हांस वाटते.

पंचमीचे दिवशी परीक्षेचे अर्ज भरण्याची मुदत होती. सायंकाळी पाचाचे आत अर्ज दोन कोसांवरील कचेरीत गेला पाहिजे, आणि त्यावर बाईंची सही पाहिजे. बायकांचे जुन्या शाळांचे दाखले गावोगाव हिंडून त्याच सकाळी हाती आले होते. बाईंनी सांगून ठेविले की, दोनास पायरीवर या, सह्या करून देते, रिक्षाही ठरविली आहे. आणि नेमकी त्याच दिवशी बारास सभा बोलाविली गेली. विषय काय, तर अध्यापकांनी सेवेत सामील होण्याचे मार्ग कोणते. आणि बातमी ऐसी होती की, येणाऱ्या तपासणीचे दप्तर त्या सभेत कोणाचे तरी माथी बसणार, आणि ज्याचे माथी बसेल त्याची सालभराची प्रत्येक दुपार गेली. मग बाईंनी मनात हिशेब केला की, आज उठले तर दप्तर आपलेच, आणि दप्तर आले तर बायकांचा वर्ग मेला, त्यापेक्षा घटकाभर दम धरावा, तीनपर्यंत सभा उठेल. जन्मभर गणित शिकविलेली बाई, आणि हिशेब येथे चुकली.

सभा उठेना. एक म्हणे, ग्रामस्वच्छता करावी. दुसरा म्हणे, आधी फलक छापावा, फलकावाचून छायाचित्र नाही आणि छायाचित्रावाचून सेवा नाही. मग फलकावर प्राचार्यसाहेबांचे नाव वर की संस्थेचे, यावर तासभर गेला. तीन वाजले, साडेतीन वाजले. बाईंचा जीव दाराकडे, आणि पाय खुर्चीखाली बांधल्यागत. एकदा अर्ध्या उठल्या, तो भार्गवरावांची नजर त्यांजकडे आणि हात दप्तराकडे गेला, आणि बाई मटकन बसल्या. मग चार, मग साडेचार. शेवटी पाचास दहा कमी असता साहेब प्रसन्न होऊन बोलिले, "आज हेमलताबाई प्रथमच शेवटपर्यंत बसल्या. इतकी आस्था दुसऱ्या कोणास नाही. तपासणीचे दप्तर त्यांनीच सांभाळावे." मंडळींनी टाळ्या वाजविल्या, कारण प्रत्येकाची मान सुटली होती.

बाई धावत बाहेर आल्या. पायरीवर अकराही जणी अर्ज मांडीवर घेऊन बसल्या होत्या. रिक्षावाला वाट पाहून निघोन गेला होता. पाचाचा ठोका पडला, तो त्यांनी तेथेच उभे राहून ऐकिला. मग बाईंनी कासावीस होऊन विचारिले की, अगं, शिपायास सांगून मला बोलाविले का नाही? तेव्हा सुगंधाबाई उठली, लुगड्याची धूळ झटकली, आणि म्हणाली, "शिपाई म्हणाला, आत सेवेचं काम चाललंय. तुम्ही कधी बसत नाही, आज बसलात, म्हणजे आमच्यापेक्षा अडलेलं कुणीतरी असणार. म्हणून नाही हाक मारली, बाई."

बाईंस रडू आवरेना, आणि सुगंधाबाईच त्यांची समजूत घालीत बसली. दुसरे दिवशी ती खिचडी शिजवावयास गेली, आणि त्यानंतर लोकविद्यालयाचे वाटेस गेली नाही.

येणेप्रमाणे मसलत समाप्त जाहली. सेवेचे सदतीस मार्ग ठरले, ते तपासणीचे दप्तरी लिहिले आहेत. अक्षर हेमलताबाईंचे आहे. दुपारी दोनाचा वर्ग बंद आहे.