स्प्रिंगबकचं कातडं आणि खानोलकरांचं नाक

आमच्या खानोलकरकाकांनी आयुष्यात कुठल्याही खाण्याच्या वस्तूवरची तारीख वाचलेली नाही. दूध, ब्रेड, लोणचं, अगदी खोकल्याचं औषधसुद्धा. झाकण उघडायचं, नाकाशी न्यायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "तारीख छापणारो थय कारखान्यात बसलेलो," ते म्हणतात. "तुझ्या बायलेन दूध किती वेळ भायर ठेवल्यान, ता त्याका काय म्हायत?"

अल कुसैसमध्ये आमची फळं आयात करणारी कंपनी आहे. मी परचेसला, खानोलकर डॉक्युमेंट्सला. ते मूळचे वेंगुर्ल्याचे, दुबईत तेहतीस वर्षं. चिडायचं मालवणीत, समजावायचं मराठीत आणि बाकीचा कारभार हिंदी-इंग्रजीच्या खिचडीत, अशी त्यांनी भाषांची वाटणी करून टाकली आहे. डॉक्युमेंट्सच्या माणसाचा कोल्ड स्टोअरशी काडीचा संबंध नसतो. तरीही रोज सकाळी आठला हा माणूस बाहेरच्या बेचाळीस डिग्रीत स्वेटर चढवून आत शिरतो, छताला टेकलेल्या संत्र्यांच्या पेट्यांमधून फिरतो आणि एका पेटीवर बोट ठेवतो. "ही काढ." पेटी उघडली की दुसऱ्या थरात एकच संत्रं निघतं, त्याच्यावर नखाएवढी बुरशी. पहिल्या दिवशी हे पाहिलं तेव्हा मी तोंड उघडं टाकून उभा होतो. थंडीनं दात दुखायला लागले तेव्हा मिटलं.

साथीचं वर्ष सरलं आणि काकांनी मला हाताशी धरलं. "पुणेकर, चल. नाक घेऊन ये." प्रत्येक रांगेपाशी थांबून विचारायचे, "कसलो वास येता?"

"संत्र्याचा," मी पहिल्यांदा म्हणालो.

"मेल्या, संत्र्यांच्या गोदामात संत्र्यांचा वास येतो हे सांगायला कंपनीनं तुला व्हिसा दिलाय?"

मग रोज शिकवणी. ओल्या पुठ्ठ्याचा वास वेगळा, दबलेल्या सालीचा वेगळा, आंबायला लागलेल्या रसाचा वेगळा. नियम एकच: जे येतं तेच सांगायचं. "नसेल येत तर नाही म्हण. माझं मन राखायला वास घेऊ नको." तीन वर्षांत माझं नाक असं काही तयार झालं, की डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या घरी मी मुलीचा डबा उघडून हुंगायला लागलो. "बाबा, स्टॉप स्निफिंग माय टिफिन. इट्स सो वीअर्ड," ती म्हणाली. मला मात्र अभिमान वाटत होता. एवढ्या मोठ्या माणसानं आपली विद्या द्यायला मला निवडलं, या कल्पनेनं मी हवेत होतो.

आमच्या कंपनीचे मूळ मालक म्हणजे बडे अरबाब. वय पंच्याऐंशीच्या पुढे, दोन्ही डोळे गेलेले. तरुणपणी मुंबईला जाऊन-येऊन व्यापार केलेला, त्यामुळे हिंदी अस्खलित. शिकारीचं वेड होतं. आता धंदा त्यांचा मुलगा मन्सूर बघतो आणि दर ऑगस्टला संत्र्यांच्या बागा बघायला दक्षिण आफ्रिकेला जातो. तिथे एका फार्मवर रीतसर परवाना काढून शिकारही करतो आणि वडिलांना फोटो आणून दाखवतो. म्हणजे फोटोत काय आहे ते सांगतो. गेल्या वर्षी म्हातारा वैतागला. "फोटो मेरे किस काम का? मेरे हाथ में कुछ रखो."

झालं. यंदा कातडं आणायचं ठरलं, केसांसकट, अख्खं. फोटो खिशातून येतो. ओलं कातडं समुद्रापलीकडून आणायचं म्हणजे डझनभर कागद. म्हणून खानोलकर. आणि खानोलकर म्हणाले, "पुणेकर येत असेल तर मी येतो."

शिकारीच्या वेळी मी बराच लांब, जीपमध्ये डोळे मिटून बसलो होतो. मासळी बाजारातसुद्धा मी श्वास रोखून चालतो. गोळीचा आवाज आला आणि थोड्या वेळानं मन्सूरची हाक, "यल्ला, जल्दी आओ!" स्प्रिंगबक हे आपल्या काळविटाएवढं हरीण. ते आडवं पडलं होतं. मला वाईट वाटत होतं, आणि तेवढ्यात त्याच्या पाठीवरची कातड्याची एक घडी आपोआप उघडली आणि आतून पांढऱ्याशुभ्र लांब केसांचा पंखा उभा राहिला. फार्मवरचा म्हातारा कातडी सोलणारा, हेंड्रिक, टोपी काढून गुडघ्यावर बसला. त्यानं खुणेनं सांगितलं: वास घ्या, लवकर. हा वास काही मिनिटंच राहतो.

"खानोल, तू पहिला," मन्सूर म्हणाला. "तेरी नाक के लिए ही है ये."

खानोलकर वाकले. त्या पांढऱ्या केसांत त्यांनी चेहरा बुडवला आणि बराच वेळ तसेच राहिले. मग उठून मला म्हणाले, "तू घे. सांग, कसलो वास येता?"

मी वाकलो. आयुष्यात असं काही माझ्या नाकात शिरलं नव्हतं. "मध, काका. कोमट मध. आणि थोडा काकवीसारखा." वर बघतो तर काकांच्या डोळ्यांत पाणी. मला वाटलं, निसर्गाची करणी बघून गहिवरले.

दुपारी हेंड्रिकनं कातडं सोललं आणि मिठाची गोणी ओढली. खानोलकरांनी बाह्या सरसावल्या. त्यांच्या वडिलांचा वेंगुर्ल्याला खाऱ्या मासळीचा व्यापार होता. मीठ हा त्यांचा हातखंडा. दोघा म्हाताऱ्यांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. हेंड्रिक मांस खरवडायचा, खानोलकर मीठ चोळायचे. बांगड्याच्या कल्ल्यात चोळावं तसं त्यांनी कानांच्या आत, ओठांच्या कडांना, पायाच्या प्रत्येक घडीत बोटांनी मीठ भरलं. दुसऱ्या दिवशी सुटलेलं पाणी निथळून पुन्हा नवं मीठ. मग सावलीत वाळवण. तिसऱ्या दिवशी हेंड्रिकनं कातडं हाताळलं आणि आपली टोपी काढून खानोलकरांच्या डोक्यावर ठेवली. ती टोपी घालूनच ते सरकारी पशुवैद्याकडे दाखल्यासाठी गेले. परवाना, दाखला, फार्मचं पत्र, सगळं एका प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून त्यांनी शर्टाच्या आत गळ्यात अडकवलं आणि दुबईत उतरेपर्यंत काढलं नाही.

आम्ही उतरलो, कातड्याची पेटी उतरली नाही. मधल्याच एका विमानतळावर ती नऊ दिवस अडकली. ऑगस्टची दमट हवा. "मीठ पाणी ओढतं, पुणेकर. आतलं संपलं की बाहेरचं ओढेल." काकांनी दुपारचं जेवण सोडलं. एकदा कातडं सडायला लागलं की केस मुठीनं सुटून येतात. मग बड्या अरबाबांच्या हातात टक्कल ठेवायचं का? त्यातच म्हाताऱ्याची तब्येत घसरत होती. मन्सूर रोज विचारायचा, काका रोज सांगायचे, "इन्शाल्ला, कल."

दहाव्या दिवशी कार्गोमधून फोन आला. पेटी वाटेत फुटली होती आणि कुणीतरी भल्या माणसानं कातडं प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून दिलं होतं. आत घाम धरलेला. तपासणीला एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, मास्क आणि ग्लोव्हज घातलेल्या. त्यांनी कागद पाहिले. "पेपर्स आर परफेक्ट. पण सडलं असेल तर आत सोडता येणार नाही. नष्ट करावं लागेल."

प्लॅस्टिक कापलं. खानोलकर वाकले, सरळ झाले आणि सगळ्यांदेखत मला म्हणाले, "पुणेकर, कसलो वास येता?"

"काका, आता शिकवणी नको. तुम्ही सांगा ना."

ते माझ्या कानाशी आले. "माका येणा नाय रे."

"काय?"

"वास. साथीत गेलो तो परत इलोच नाय." मग मराठीत, अगदी हळू, "तूच सांग. आणि जे येतं तेच सांग."

मला एकेक आठवायला लागलं. सकाळच्या कोल्ड स्टोअरमधल्या फेऱ्या. ऑफिसात चहाच्या आधी दुधाची बाटली नेहमी माझ्या हातात यायची ती. ते फक्त बोट ठेवत होते. वास मी सांगत होतो. बरं, मी सांगायच्या आधीही त्यांनी कितीतरी पेट्या अचूक काढल्या होत्या. पेटीच्या तळाला हात फिरवून, पुठ्ठ्याचा ओलेपणा बोटांनी ओळखून, चिलटं कुठे घुटमळतात ते बघून. नाक गेलेल्या माणसानं तीन वर्षं आपलं नाक सांभाळलं होतं. खरं तर मला फसवल्याचा राग यायला हवा होता. मला तिथेच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

पण डॉक्टरीणबाई खोळंबल्या होत्या. मी तिथे मिळालेला मास्क काढला आणि शेपटीपासून सुरुवात केली. "मीठ. ओली लोकर. पोटाजवळ मीठच. मान ठीक." मग थांबलो. काही येत नाही म्हणायचा फार मोह झाला. "डावा कान. इथे खराब वास येतोय."

काकांनी डाव्या कानात बोट घातलं आणि मान हलवली. मग खिशातून मिठाची पुडी काढली. हा माणूस कार्गो टर्मिनलमध्ये मीठ घेऊन आला होता! "मॅडम, ओन्ली लेफ्ट इअर. फक्त शेवाळल्यासारखं झालंय, सडलं नाही. परमिशन द्या, एक दिवस द्या." बाईंनी जागोजागी केस ओढून पाहिले. एकही सुटला नाही. कानाचे ओढले, दोन आले. त्यांनी खानोलकरांच्या हातातल्या पुडीकडे पाहिलं आणि मास्कच्या आड बहुधा हसल्या. "टुमॉरो मॉर्निंग. वन चान्स."

दुसऱ्या दिवशी कान कोरडा होता. मी हुंगून सांगितलं, बाईंनी केस ओढून पाहिले आणि शिक्का मारला. खानोलकर टर्मिनलच्या बाहेर फुटपाथवर बसले आणि दहा दिवसांचं जेवण एका शावरमावर भरून काढलं.

शारजाच्या एका कारागिरानं पंधरा दिवसांत कातडं कमावून मऊ केलं. आम्ही ते बड्या अरबाबांच्या मांडीवर ठेवलं तेव्हा त्यांनी आधी कान चाचपले, मग पाठीवरून हात नेला. त्या पांढऱ्या केसांपाशी बोटं थांबली. कितीतरी वेळ ते तिथेच कुरवाळत होते. मग म्हणाले, "खानोल, सुना है इसकी खुशबू होती है. कैसी थी?"

खानोलकरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "शहद, अरबाब. हलका गरम शहद."

म्हाताऱ्यानं समाधानानं मान हलवली. एकाला दिसत नव्हतं, एकाला वास येत नव्हता, आणि दोघांचे हात त्या कातड्यावर होते. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

त्या महिनाअखेरीला काका रिटायर झाले. वेंगुर्ल्याला जायच्या आदल्या शनिवारी दुपारी त्यांनी मला घरी बोलावलं. फ्लॅट रिकामा, बॅगा बांधलेल्या, हेंड्रिकची टोपी सगळ्यात वर. जेवणाच्या टेबलावर झिप लावलेली एक प्लॅस्टिकची पिशवी. आत उशीचा अभ्रा, फुलाफुलांचा. वर लेबल, काकांच्या अक्षरात: "सुनंदा", आणि खाली तारीख. त्या घरातली तारीख असलेली ती एकच वस्तू असावी.

सुनंदाकाकू साथीत गेल्या एवढं मला माहीत होतं. "तिला हॉस्पिटलात नेलं, मी इथे एकटा बंद," काका म्हणाले. "ती गेल्याचा फोन आला. तिच्या उशीला नाक लावलं तर वासच येईना. म्हटलं, एवढ्यात गेला? मग कॉफीचा डबा उघडला, त्याचाही येईना. तेव्हा कळलं. म्हणून हा अभ्रा बंद करून ठेवला." त्यांनी पिशवी जवळ ओढली. "उघडला की जाणार. त्या हरणाचा गेला तसा. म्हणून घाई केली नाही. आधी तुला तयार केलं."

म्हणजे तीन वर्षांची ती शिकवणी संत्र्यांसाठी नव्हतीच. माझ्या मनात आलं, नाही आला वास तर? खोबरेलाचं नाव घेऊन टाकावं; कुठल्या कोकणातल्या बाईच्या उशीला खोबरेलाचा वास नसेल?

काकांनी ते ओळखलं असावं. "नसेल येत तर नाही म्हण," ते म्हणाले आणि त्यांनी झिप उघडली.

मी डोळे मिटले. सुरुवातीला नुसतं प्लॅस्टिक. मी थांबलो. "खोबरेल," मी म्हणालो. "खरंच येतंय, काका." मी आणखी वाकलो. "बाम. कपाळाला लावायचा." पुन्हा एक श्वास. आता जे आलं ते सांगावं की नाही, कळेना. "काका, रागावू नका. लसूण येतोय."

डोळे उघडले तर खानोलकर टेबलाला धरून हसत होते आणि चष्म्याखालून पाणी वाहत होतं. "लसूण! अरे, उद्याचो लसूण ती आदल्या दिवशी सोलून ठेवी आणि तेच हात उशीखाली घालून निजे. तीस वर्षं मी बोंबललोय, सुनंदा, हात धू म्हणून!"

मी झिप घाईनं लावली. हसणं ओसरल्यावर काकांनी चष्मा पुसला, खिशातून पेन काढलं आणि लेबलवर तारखेखाली सावकाश लिहिलं: खोबरेल, बाम, लसूण. मग पेन माझ्यापुढे धरलं.

"तपासणारा तू. सही कर."

मी सही केली.